नर्सबाईंच्या दोन सायकली

माझ्या दुकानात आलेल्या माणसाला मी आधी रस्ता विचारतो. किती पक्का, किती कच्चा? मग सायकल मीच ठरवतो, गिऱ्हाईक फक्त मान डोलावतं. बायको म्हणते, तुमच्या दुकानात बोलायला गिऱ्हाइकाची गरजच नाही. तिचं मी मनावर घेत नाही.

नर्सबाई मात्र मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हत्या. बावीस वर्षं त्या घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलतात, इंजेक्शनं देतात. जुन्या सायकलीची फ्रेम मोडली तेव्हा आल्या आणि सरळ जाड टायरांच्या माउंटन बाइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढे स्प्रिंग नाही, नखरे नाहीत. दणकट, जड आणि दिसायला ठोकळा. हीच द्या, म्हणाल्या.

मी रस्ता विचारला. नऊ किलोमीटर डांबरी, शेवटचा एक दगडगोट्यांचा, आणि त्या टोकाला एकच घर. तिथे पायाला जखम झालेल्या एक आजी एकट्या राहत होत्या. त्यात बाईंचा उजवा गुडघा कुरकुरायला लागलेला. मग काय, माझी गाडी सुटली. एका किलोमीटरसाठी नऊ किलोमीटर जड टायर ओढायचे? हायब्रिड घ्या, म्हटलं. हलकी आहे, टायर बारीक, गुडघा दुवा देईल. दगड आले की उतरायचं, चार पावलं चालायचं. बाईंनी जाड टायरांवरून एकदा हात फिरवला, पण शेवटी हायब्रिड घेऊन गेल्या. मला कोण आनंद झाला.

महिन्याभराने त्या परत आल्या. सायकल भिंतीला टेकवून बाकावर बसल्या. मी ब्रेक तपासले, चाकं फिरवून पाहिली, खोट काही सापडेना. सायकल छान आहे, त्या म्हणाल्या, डांबरावर पळते. पण बारीक टायर दगडांवर घसरायचे, म्हणून तिथे रोज उतरून ती ढकलत न्यावी लागायची, जाताना आणि येतानाही.

"परवा त्या दगडांपाशी उतरले आणि तिथूनच मागे फिरले. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

एका दिवसाने काही बिघडत नाही, मी म्हटलं. सल्ला माझाच होता, त्यामुळे जरा घाईनेच म्हटलं.

"जखमेचं काही बिघडलं नाही. काल गेले तेव्हा कळलं. आदल्या दिवशी आजी पट्टी सोडून, पाय पाटावर ठेवून अंधार पडेपर्यंत दारात बसल्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मलाच विचारलं, काल बरं नव्हतं का गं तुला? आणि मी हो म्हणाले."

मला फार लाज वाटली. गुडघ्याचं काय, हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. जाड टायरांची सायकल खाली काढली आणि तिची सीट बाईंच्या उंचीला लावायला बसलो.