मांडवातलं जेवण

आरक्षणासाठी कुरुंद्यात मारुतीच्या देवळासमोर मांडव पडला आणि गावातली पाच पोरं आमरण उपोषणाला बसली. त्यांत पंचफुलाचा बालाजी. अन्न घ्यायचं नाही, पाणी तेवढं प्यायचं, असं पोरांनी ठरवलेलं. हळदीत खुरपणी खोळंबली होती, पण पंचफुलाचा पाय ना शेतात ठरत होता ना घरात.

झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडायची. निवडलेली डाळ पुन्हा सुपात घ्यायची. सांगणाऱ्यांनी तिला काय कमी शहाणपण शिकवलं? बातम्या बघू नको, माळ ओढ, कामात मन गुंतव. बातम्या तिनं बंद केल्या. माळ मात्र हातात फिरायची आणि मन मांडवात जाऊन बसायचं. शेवटी तिनं आपल्या मनानंच एक उपाय काढला. पोरगं जेवत नाही तोवर आपणही जेवायचं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानं तिला बरं वाटायला लागलं. पोटात आग पडली की वाटायचं, चला, पोराचं तेवढं ओझं आपण उचललं. बालाजीला यातलं काही कळता कामा नये, असा दम तिनं लेकीला, निलमला, देऊन ठेवला होता.

चौथ्या दिवशी दुपारी निलम धापा टाकत घरी आली. काल तिला राहवलं नव्हतं, ती भावाला सगळं सांगून बसली होती. सकाळपासून बालाजीनं पाणीही सोडलं होतं. डॉक्टर सलाईन लावू म्हणत होते, तो अंगाला हात लावू देत नव्हता.

पंचफुलानं लेकीवर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मग फडक्यात भाकरी-पिठलं बांधलं आणि तरातरा निघाली. उपोषणाच्या मांडवात शिदोरी घेऊन शिरलेली बाई बघून म्हातारी माणसं कुरकुरली. तिनं तिकडं बघितलंही नाही.

"पाणी काहून सोडलं रं?"

बालाजीचे ओठ फुटले होते. "तू काहून जेवून न्हाई राहिली? माय, माझा समदा जीव तुझ्यापाशी लागून राहिला. तू जेवली तरच मी इथं टिकीन."

उचललं म्हणून जे ओझं ती मिरवत होती, ते पोराच्याच पाठीवर जाऊन बसलं होतं. ती तिथंच खाली बसली आणि पाच उपाशी पोरांसमोर तिनं भाकरी मोडली. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका पोरानं तोंड फिरवलं. पहिला घास तोंडात नुसता फिरत राहिला. बालाजी एकटक बघत होता. तिनं तो कसाबसा गिळला, मग दुसरा, मग तिसरा. तेव्हा कुठं त्यानं पाण्याच्या पेल्याला हात घातला.

पंचफुला रडत रडत जेवत राहिली. सरकारचा निरोप अजून आला नव्हता. तो येईपर्यंत रोज दुपारी तिला इथंच येऊन जेवायचं होतं.