ठाण्यातली खुर्ची

गणपती जवळ आले की अमरावतीच्या आमच्या पोलीस ठाण्यातून मला फोन येतो. उत्सवात गडबड करणार नाही असं लिहून द्यायचं आणि साहेबांना वेळ होईपर्यंत भिंतीजवळच्या बाकावर बसायचं. त्याच सकाळी आत शांतता समितीची बैठक असते. तिथे खुर्चीवर माझा शाळासोबती असतो, गणेश मंडळाचा अध्यक्ष म्हणून. त्याला चहा कपबशीत येतो.

शाळेत असताना आम्ही दोघांनी टॉकीजसमोरची एक मोटरसायकल पळवली होती. बडनेऱ्यापर्यंत फिरून परत आणून ठेवायची, एवढाच बेत. चालवत तो होता. मला तेव्हा चालवताही येत नव्हती. पकडले गेलो. त्याचा काका लगेच आला आणि कागद व्हायच्या आत त्याला घेऊन गेला. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये पाळीवर होते. ते येईस्तोवर माझं नाव लिहून झालं होतं. पुढे निरीक्षणगृह. वकील म्हणतो, अल्पवयीन पोराची अशी नोंद ठेवायचीच नसते. ठाणं म्हणतं, वर विचारतो. पोलीस भरतीत मी धावण्यात पहिला आलो आणि चारित्र्य पडताळणीत बाहेर पडलो.

मग जुन्या दुचाकींचा धंदा उभा केला. अकोल्याहून गाड्या आणतो, तिथे मला शेठ म्हणतात. इंजिनाचा आवाज ऐकून भाव पाडतो. इथे मात्र प्रत्येक गाडीमागे कोणीतरी हसत विचारतंच, कागद खरे आहेत ना भाऊ?

यंदा मोहल्ल्याने समितीसाठी माझं नाव दिलं. मी सरळ त्याच्या घरी जाऊन मागणं मांडलं: नव्या साहेबांसमोर एकच वाक्य बोल, गाडी मी चालवत होतो म्हण. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहून घेतो म्हणाला.

बैठकीत साहेबांनी माझं नाव वाचून त्याच्याकडे पाहिलं.

"माणूस चांगला आहे साहेब," तो म्हणाला. "लहानपणी चुकला होता, पण आता पार सुधरला. मी हमी घेतो त्याची."

साहेबांनी त्याच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. माझं डोकं तापलं.

"काहून रे, मी सुधरलो, तं तू कवा बिघडला होता ते नाही सांगत साहेबाले? गाडी कोन चालवत होतं?"

त्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"पाहा साहेब, स्वभाव," एवढंच म्हणाला.

हवालदाराने मला बाहेर बाकाकडे नेलं.

मोहल्ला म्हणतो, हाती आलेलं मी घालवलं. घालवलं असेल. खुर्ची साधी प्लास्टिकची होती, एक हात तडकलेला. तशा चार माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी पडून आहेत. पण मला तीच पाहिजे होती, त्याच्या बाजूची, आणि त्याच्या हमीशिवाय.