भूगोलाच्या बाई आणि होडीचा आवाज

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंइतकं कानांनी जगणारं माणूस श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरापर्यंत दुसरं सापडायचं नाही. आपण समुद्र बघायला जातो, त्या ऐकायला जातात. आणि परतल्यावर "आज जरा घोगरा होता" असं सांगतातही. एकदा सुपारी सोलणाऱ्या बायकांच्या पडवीत त्या इतका वेळ डोळे मिटून बसल्या, की बायकांनी घाबरून सरबत आणलं. बाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "चमचा वाजवू नका हं." एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी खुद्द भटजींनाच हात करून थांबवलं होतं, मांडवामागे पाट्यावर वाटण चाललं होतं आणि तो आवाज त्यांना स्वच्छ हवा होता.

अशा बाईंनी गेल्या वर्षी नववीच्या मुलांना घेऊन गावातल्या जुन्या कारागिरीवर माहितीपट करायचं ठरवलं. चित्र नाही, नुसता आवाज. "पण दिसणार काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "नीट ऐकलंत तर सगळं दिसेल," बाई म्हणाल्या. मी मराठी शिकवतो, म्हणून निवेदन लिहायला मलाही ओढलं.

खाडीकाठी एक म्हातारे सुतारकाका आपल्या अंगणात लाकडी होडी बांधत होते. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. हे काम फार दिवसांनी आलेलं, आणि बहुधा शेवटचंच. एरवी काका अखंड बोलत. पण मुलांनी मोबाइल पुढे धरला, की "सदर होडी सागाच्या लाकडापासून निर्माण करण्यात येते" एवढं निबंधातलं वाक्य म्हणून गप्प बसत. बाई हवालदिल झाल्या. होडी एकदा पाण्यात गेली, की विचारायचं तरी काय दाखवून?

शेवटी त्यांनी मोबाइल चालू ठेवून काकांच्या बायकोला, काकूंनाच विचारलं, "काकू, फळ्यांच्या फटीत कापूस कोण भरतं हो?"

"मीच की."

"तू?" काका उसळले. "तू नुसत्या वाती वळतेस. ठोकतं कोन?"

"वात सैल असंल तर ठोकून काय उपेग? मागल्या होडीत पानी कुनामुळं शिरलं?"

"राळ कमी पडली व्हती!"

मग जे भांडण जुंपलं, त्यात लाकूड निवडण्यापासून सुकाणू बसवण्यापर्यंत होडीची सगळी विद्या बाहेर आली. मुलं तोंड दाबून हसत होती. बाई डोळे मिटून तृप्त बसल्या होत्या.

होडी लोटायच्या दिवशी बाईंनी अख्ख्या वाडीला बजावलं, की कुणी ओरडायचं नाही. लाकूड वाळूवरून सरकताना ऐकायचंय. माणसं मुकाट्यानं जोर लावू लागली. होडी तसूभर हलेना.

"मॅडम, हाळी दिल्याबिगर सगल्यांचा जोर एकदम लागत न्हाय," काका काकुळतीनं म्हणाले. "भरती उतरायला लागली हाय."

बाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं. हातातली पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला, होडीला खांदा लावला आणि अशी काही आरोळी ठोकली की किनाऱ्यावरचे बगळे उडाले. वाडीनं साथ दिली. होडी करकरत सरकली आणि पाण्यात शिरली. रेकॉर्डिंगमध्ये लाकडाचा आवाज जेमतेम आहे, बाईंचाच सगळ्यांच्या वर आहे. मुलांनी तो कापू दिला नाही.

माहितीपट तयार झाल्यावर पहिल्यांदा आम्ही तो काकांच्या अंगणात लावला. "मी येवढी कजाग बोलते व्हय?" म्हणून काकू लाजल्या. काका मात्र मान खाली घालून ऐकत होते. शेवटी होडी पाण्यात गेली, लाटांचा आवाज हळूहळू मंद होत थांबला. काकांनी मान वर केली.

"फुडं?"

"संपलं, काका."

"आसं कसं? होडी आत्ता तर पान्यात गेली."

बाई उगाच मोबाइलची वायर गुंडाळत राहिल्या, आणि काका अंगणातल्या होडीच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले.