आप्पांची शाकाहारी माशी

मासा लागला तर दोन मिनिटांचं काम. न लागायला अख्खी संध्याकाळ जाते! मग भाट्याच्या खाडीकाठच्या खडकावर गरी टाकून बसलेली माणसं दुसरं काय करणार? एकमेकांना सोलतात. किस्से साठले तेवढे मासे साठले असते तर मी बर्फाचा कारखाना टाकला असता. पण आप्पांचे किस्से आठवले की हसण्याआधी मला अजून संताप येतो.

आमचं टोळकं चौघांचं. मी बाबल्या, जन्मभर रिक्षा चालवली, शाळा सातवीत सुटली. दामू शिंपी. हसनमियाँ, होडीवरचे जुने तांडेल, पाण्याचा रंग बघून खाली काय फिरतंय ते सांगणारे. आणि आप्पा, कचेरीतून रिटायर झालेले हेडक्लार्क. मासा खाणं सोडाच, त्याचं नाव घेतलं तरी चूळ भरणारे! रिटायर झाल्यापासून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणं एवढंच काम उरलेलं, म्हणून खडकावर नुसते गप्पांना यायचे.

दोन हजार सालच्या सुमारास त्यांचा अमेरिकेतला मेव्हणा आला आणि जाताना मासे धरायची एक लवलवती काठी आणि डबीभर खोट्या माश्या ठेवून गेला.

"याला फ्लाय म्हणतात," आप्पा म्हणाले. "कोळंबी टोचायला नको, हात घाण करायला नको. चाळीस प्रकार आहेत!"

हसनमियाँनी डबीत बोट फिरवलं. एकेक माशी डासाएवढी. "आप्पा, ही कोण खाणार? आपले मासे काय माश्या मारत बसलेत?"

तरी आप्पा रोज नवी माशी लावत. लाल, मग हिरवी, मग ठिपक्यांची. मासा नाही. मागे फेकताना दामूची टोपी मात्र दोनदा लागली!

*

आठ दिवसांत डबीतल्या चाळीसच्या चाळीस गऱ्या तांबूस. गोड्या पाण्याच्या होत्या त्या! समुद्रातून काढून ओल्याच परत ठेवलेल्या, गंज चढला.

आप्पा माझ्यावर धावून आले. "बाबल्या, शिंच्या, तूच डबीत खारं पाणी ओतलंस!"

बघा! काही झालं की बाबल्या! "आप्पा," मी म्हटलं, "समुद्र काय मी भरलाय?"

*

हसनमियाँना शेवटी दया आली. "त्या माश्या थंड नदीच्या. खाडीत मासा मासाच खातो. बोटाएवढी, पांढरी, जरा चमकणारी अशी एकच बांधा. नवशिक्याला तेवढी पुरे. कोंबड्याचं पांढरं पीस घ्या."

"कोंबड्याचं? शिव शिव! घरात देव आहेत माझ्या!"

"मग डबीतल्या त्या कशाच्या आहेत?" मी विचारलं. "कापसाच्या?"

आप्पांनी चष्मा लावला. एक माशी उचलली. डोळ्यांजवळ नेली. आणि पांढरेफटक पडले! डबी रोज रात्री देवघराखालच्या कप्प्यात असायची. काठी तिथेच टाकून माणूस जो निघाला तो थेट न्हाणीघरात!

आता सांगा, अख्खा मासा धरायला चालतो, पीस चालत नाही! हा कुठला न्याय?

*

मग सुरू झाल्या शाकाहारी माश्या. काथ्याची, केळीच्या सोपटाची, दामूकडच्या जरीची. काथ्याची तर केरसुणीच दिसायची. खडकातल्या एका कुर्लीने ती नांगीत धरली, उलटसुलट बघितली आणि सोडून दिली. कुर्लीने! जी कुजलेलं काही सोडत नाही!

मला बघवेना. आप्पा आडोशाला गेले तेवढ्यात मी त्यांच्या गरीला सुका बोंबील लावला. येऊन दोरी ओढतात तर टोकाला काहीतरी.

"लागला! लागला रे!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट पकडला. पुढचं सांगत नाही. दामू हसता हसता पाण्यात पडला एवढं सांगतो.

पण घरी वास गेला. आप्पांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, त्यांना दोनदा आंघोळ घातली आणि निकाल दिला, "तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत. खरा मासा लागला आणि कोणी साक्षीदार असला तर ठीक. नाहीतर काठी भाच्याला, आणि तुम्ही घरात."

घरात म्हणजे पुन्हा घड्याळाला किल्ली. आप्पा आठ दिवस दार लावून नवी माशी बांधत बसले.

*

मुदतीचा शेवटचा रविवार. हसनमियाँ गुहागरला लग्नाला, दामू कपडे शिवण्यात बुडालेला. खडकावर आप्पा आणि मी. काठीला नवी माशी. बोटाएवढी, पांढरी, मऊ.

"कशाची हो?"

"ते विचारू नकोस."

पहिल्यांदा टाकली तर बुडेचना! वरच तरंगली, भोवती तेलाचं इंद्रधनुष्य. आप्पांनी खिशातून रिठा काढला, डबक्यात माशी खसाखसा धुतली, पुन्हा टाकली. आता बुडाली. थोडं ओढायचं, थांबायचं. थोडं ओढायचं...

आणि काठी वाकली! चांगला पाव तास चाललं. वर आली ती तांबोशी, दोन किलोची, तांब्याच्या हंड्यासारखी झळकणारी. मी पिशवी उघडून उभा.

आप्पांनी गरी सोडवली, तांबोशीला नमस्कार केला आणि पाण्यात सोडून दिली.

"आप्पा!" मी किंचाळलो. "तांबोशी! सोडलीत?"

"आमच्या घरी चालत नाही."

"माझ्या घरी चालते की हो!"

तसेच गेलो त्यांच्याकडे. काकू ओटीवर वाती वळत होत्या. "लागला? मग दाखवा. साक्षीदार कोण? हा? बोंबीलवाला?"

जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला उभा राहिलो होतो मी! संताप संताप झाला.

आप्पांनी खिशातून माशी काढून दिली. अर्धी चावलेली. काकूंनी ती उजेडात धरली. एक लांब पांढरा धागा ओढला, ओढला, संपेचना. मग त्यांचा हात हळूच आपल्या अंबाड्याकडे गेला.

"कुठून घेतलंत?"

"फणीतून. तेलामुळे आधी बुडेना, रिठ्याने धुवावं लागलं."

मी चपला घातल्या.

काकूंनी माशी बोटांत फिरवून पाहिली. मग काकू म्हणाल्या, "केवढा होता?"

आप्पांनी हात पसरले. मी म्हटलं, "काकू, त्याहून मोठा."

काकू माशी घेऊन आत गेल्या.

तुळशीच्या लग्नाला दामूची बायको त्यांच्याकडे जाऊन आली. म्हणाली, "काकूंना बरं नाही काय हो? वेणीफणीला एवढ्या काटेकोर, आणि आज सगळे केस कोरडे, भुरभुरीत, उडतायत नुसते. विचारलं तर म्हणतात, तेल सोडलंय."