९९,९९१ आणि राशीवरची पायली

नव्वदच्या दशकात मी कापडे गावच्या शाळेत नववीला गणित शिकवत होते. महाडला आसपासच्या तालुक्यांचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या वर्गाचा तक्ता एका संख्येवर होता: ९९,९९१, पाच अंकी संख्यांतली सर्वांत मोठी मूळ संख्या. मुख्याध्यापकांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "मूळ आहे हे कशावरून? सिद्ध करा, नाहीतर शनिवारी तक्ता जाणार नाही."

मला ते कॉलेजात सांगितलं होतं. पण सांगोवांगी गणितात चालत नाही, हे सरांचं म्हणणं मला पटलं.

काम अवघड नव्हतं, लांबलचक होतं. संख्येला मोठा भाजक असेल तर त्याचा जोडीदार लहान असतोच, आणि ३१७ चा वर्ग या संख्येच्या पुढे जातो, म्हणून ३१६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. त्या पासष्ट. वर्गात मुलं बत्तीस. लावणीला शेतात ओळी वाटून देतात तशा प्रत्येकाला दोन-दोन दिल्या. उरलेली ३१३ मी घेतली. तिची बाकी १४४ आली.

तासाभरात चौसष्ट बाक्या फळ्यावर चढल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, "बाई, जातो! एकशे एकनं जातो! नऊशे नव्वद येळा!"

शेजारच्या खोलीतून मुख्याध्यापक आले. "गेला ना भाग? उतरवा तक्ता."

"थांबा सर," मी म्हटलं. "वही आण गो."

१०१ गुणिले ९९० म्हणजे ९९,९९०. खाली १ लिहिलेला होता आणि त्याभोवती गोल काढला होता.

"हा एक कुठे गेला?"

"तो राशीचा, बाई." तिच्या घरी भात मोजताना शेवटी एक सुटी पायली उरली तर ती राशीवर ठेवत, मोजणीत धरत नसत. "आमच्यात धरीत नाय."

वर्ग हसला. "म्हंजी राशीवर ठेवला की मूळ संख्या मोडली!" एकजण म्हणाला. ती गोरीमोरी झाली.

मी हसले नाही, कारण चूक नेटकी होती. २, ३, ५ आणि ११ यांची बाकीही १ होती. तिने तो एक सोडला, इतरांनी धरला, एवढाच फरक. मी तिच्या हातात खडू दिला. "सरांना दाखव."

तिने भागाकार पुन्हा केला, सावकाश. एकावर येऊन थांबली. मुख्याध्यापक म्हणाले, "आता हा कुठे ठेवायचा?"

"हितंच," ती म्हणाली. "इथं रास नाय, सर."

त्यांनी फळ्यावरची पासष्ट बाक्यांची यादी बोटाने शेवटपर्यंत तपासली, कुठे शून्य सापडतं का ते बघत. सापडलं नाही. मग त्यांनी तक्त्याच्या कोपऱ्यात सही केली.

शनिवारच्या पहिल्या एसटीने तक्ता महाडला गेला. सोबत ती मुलगी होती. तक्त्यावर लिहून घेतलेल्या यादीत १०१ पुढची बाकी तिने लाल शाईने लिहिली होती, बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठी. मी ती तशीच राहू दिली.