यांगझोमच्या खळ्यावर न आलेले फिंच

यांगझोमआचेशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आचे म्हणजे थोरली बहीण. माझी सख्खी नव्हे, शेजारची. पण धाक सख्खीपेक्षा जास्त. स्पितीतल्या आमच्या गावात जनावरं डोंगरावरून कधी उतरवायची, हे बाकीचे आभाळ बघून ठरवतात. आचे पाखरांवर ठरवायची. मोठं बर्फ येण्याआधी कड्यांवरचे करडे फिंच थव्याने तिच्या खळ्यात उतरत आणि सातूचा कोंडा उकरत. ते आले की दुसऱ्या सकाळी ती दोर घेऊन वर निघायची. तिची आईही असंच करायची.

त्या वर्षी ढग दाटले तशी सगळ्यांची जनावरं खाली आली. आचेची एकुलती एक झोमो, याक आणि गाईच्या संकराची, तेवढी वर राहिली. दुभतं जनावर, त्यात गाभण. घरचं दूध-लोणी तिच्यावरच होतं.

"आचे, हट्ट पुरे झाला. आण तिला खाली."

"खळं रिकामं आहे, दिसत नाही? वर अजून गवत आहे. पोटुशी आहे ती, खाऊ दे चार दिवस."

"आणि बर्फ आलं म्हणजे?"

"पाखरांपेक्षा तुला जास्त कळतं का गं?"

मी रागाने घरी निघून आले.

त्याच आठवड्यात गुडघाभर बर्फ पडलं. उघडीप झाल्यावर आम्ही दोघी वर गेलो. झोमो एका खडकाच्या आडोशाला सापडली, मरून ताठ झालेली. आचे तिच्या मानेवरचं बर्फ हाताने झाडत राहिली. ती रडली नाही, मलाच रडू आवरेना.

परतताना ऊब घ्यायला खिंडीतल्या चहाच्या टपरीवर थांबलो. टपरी तिच्याच मुलाची, तंडुपची. मनालीला हॉटेलात भांडी घासायला निघाला होता. तिने भांडून त्याला थांबवलं आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात ही टपरी घालून दिली. दारापुढचं बर्फ त्याने झाडून काढलं होतं आणि तिथे शे-दोनशे फिंच तांदळाच्या कण्या टिपत होते.

"रोज टाकतो मी," तंडुप खुशीत म्हणाला. "फोटो काढायला गाड्या थांबतात, मग लोक चहा घेतात. आता ही हलायचं नाव घेत नाहीत. बघ आमा, कशी गुबगुबीत झालीत."

मी चांगली झापणार होते त्याला. पण आचेने माझं मनगट घट्ट दाबलं.

"झोमो मिळाली?" त्याने विचारलं.

"गेली."

त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. "पण पाखरं आली की लगेच निघतेस ना तू? या वर्षी कशी चुकलीस?"

"म्हातारी झाले रे. आली असतील खळ्यात, मला दिसली नाहीत."

मग तिने कण्यांच्या डब्यात डोकावून पाहिलं.

"संपत आल्यात की," ती म्हणाली. "खालून आणखी पाठवते."