आबांच्या आजाराची खरी तारीख

आबांचं रक्त द्यायला आम्ही तिघं गेलो होतो. आबा (माझे वडील), माझी बायको आणि मी. आबांनी उभं आयुष्य फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, बनवण्यात घालवलं. मापात सुताएवढा फरक पडला तर अख्खा पॅटर्न फोडून टाकणारा माणूस. आता त्यांना चपला कुठल्या पायात कुठली, ते सांगावं लागत होतं.

अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तावर एक संशोधन चाललंय, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिथल्या संशोधक बाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण त्यातली कुठली कामाला लागलीत आणि कुठली गप्प बसलीत, हे आजारात बदलतं. मेंदू उघडून बघता येत नाही, पण त्या बदलाच्या खुणा रक्तात सापडतात का, ते त्या शोधत होत्या. सापडल्या तर पुढेमागे हा आजार लवकर ओळखता येईल. बाई स्पष्ट म्हणाल्या, "यातून तुम्हाला रिपोर्ट मिळणार नाही. एकट्यादुकट्याच्या रक्तावरून अजून काही ठरवता येत नाही."

आबांनी हात पुढे केला. बाईंनी रक्त भरलेली नळी हलकेच उलटसुलट केली आणि लेबल लावलं. मग फॉर्म काढला.

"पहिली लक्षणं कधी दिसली? नीट आठवून सांगा. आजाराच्या टप्प्याप्रमाणे खुणा बदलत असणार, त्यामुळे ही तारीख महत्त्वाची आहे."

"सव्वा वर्ष झालं," मी म्हणालो. "गेल्याच्या गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या आत्याला ओळखलं नाही."

बायको खाली बघत म्हणाली, "चार वर्षं."

मला वाटलं, तिची ऐकण्यात चूक झाली. पण तिने पर्समधून घडी घालून मऊ झालेला कागद काढला. मिरजेच्या एका डॉक्टरची चिठ्ठी. वर आबांचं नाव, खाली चार वर्षांपूर्वीची तारीख. बाईंनी ती फॉर्मवर उतरवून घेतली. म्हणाल्या, "इतक्या सुरुवातीची पक्की तारीख आम्हाला क्वचितच मिळते. लोक डॉक्टरकडे फार उशिरा जातात."

बाहेर बाकड्यावर मी बायकोला विचारलं, "मिरजेला कधी गेला होता?"

"तुम्ही फर्स्ट शिफ्टला होता तेव्हा. एसटीने गेलो. मामांनीच नेलं मला." सासऱ्यांना ती मामा म्हणते. "डॉक्टरांनी सांगितलं तसे बाहेर येऊन पायरीवर बसले. मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला, त्याला सांगणार नाहीस म्हण, म्हणाले."

"आणि तू त्यांना रोज रात्री द्यायचीस ती बीपीची गोळी?"

"बीपीची नव्हती."

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तपासणी खात्यात आहे. कास्टिंगमधली, ओतलेल्या लोखंडातली केसाएवढी चीर मला दिसते. घरातलं दिसलं नाही. या चार वर्षांत आबा दूध प्यायला गेले आणि स्कूटर तिथल्या कट्ट्यावरच विसरून चालत घरी आले, तेव्हा मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली म्हणून ताटावरून उठलो होतो. एकदा तर म्हणालो होतो, "मुद्दाम करताय तुम्ही." तेव्हा बायको तिथेच भाकरी थापत होती. तिला सगळं माहीत होतं.

"तू मला ओरडू दिलंस," मी म्हणालो.

"मी त्यांना म्हटलं होतं, आता सांगू या. तर म्हणाले, वरडू दे त्येला. वरडतोय तवर मी त्येच्या लेखी शाणा माणूस हाय. कळलं की अंगडं-टोपडं घालाय लागंल."

ती रडत होती. मला तिची दया आली नाही. आमचंही रक्त घ्यायचं होतं, तुलनेला निरोगी माणसांचं लागत होतं. तिने दिलं. मी दिलं नाही, आबांना रिक्षात बसवून घरी आणलं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी आबांच्या समोर बसून विचारलं, "आबा, मला का नाही सांगितलं?" त्यांनी माझ्याकडे आदबीने बघितलं आणि म्हणाले, "पावणं, च्या घेतला का न्हाई अजून?"

भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. ज्याने मला फसवलं तो माणूस निघून गेला होता, आणि जिने साथ दिली ती त्याला अंघोळ घालत होती. दोन महिने मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

आबा गेल्या थंडीत गेले. नंतर त्या संशोधक बाईंचा फोन आला, तुमचं रक्त द्याल का, वडील-मुलाची जोडी मिळाली तर उपयोग होईल. मी गेलो. बायको न सांगता सोबत आली. नळी भरत असताना मी तिला विचारलं, "उद्या मला असं काही झालं, आणि मी म्हणालो आपल्या पोरीला सांगू नकोस, तर?"

"सांगणार," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगणार."

"मी हात डोक्यावर ठेवून घेतला तरी?"

"तरी."

मला हेच उत्तर हवं होतं. पण आबांसाठी जे ती करू शकली ते माझ्यासाठी करणार नाही, हेही मला लागलं. दंडाला कापूस दाबून मी तसाच बसून राहिलो.